टास्क वनसाठी पाच महिने फक्त पर्यटनाची आकडेवारी: काय जमलं, काय फसलं

आयईएलटीएस अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगमध्ये माझा घोळ नेहमी टास्क वनला, म्हणजे पहिल्या प्रश्नाला व्हायचा. समोर आलेख नाहीतर तक्ता, त्यावर किमान १५० शब्दांचा अहवाल, वेळ साधारण वीस मिनिटं. तयार प्रश्नसंच दोनदा करून झाले होते आणि नमुना उत्तरं पाठ व्हायला लागली होती, म्हणजे सराव संपल्यातच जमा. मग ठरवलं की एकच विषय धरायचा, आकडे खरे घ्यायचे आणि आलेख स्वतः काढायचे. विषय घेतला आंतरराष्ट्रीय पर्यटन, कारण त्याचे आकडे फुकट आणि भरपूर मिळतात. जागतिक बँकेच्या खुल्या आकडेवारीत देशवार संख्या १९९५ पासूनची आहे, आणि यूएन टूरिझम ही संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संस्था (२०२४ पर्यंत हिलाच यूएनडब्ल्यूटीओ म्हणायचे) जगाची बेरीज देते. एक्सेलमध्ये टाकून कधी रेषा, कधी स्तंभ, कधी नुसता तक्ता. मोबाइलवर गजर लावून आठवड्याला तीन अहवाल. पाच महिन्यांत वही भरली.

पहिला अहवाल मुद्दाम फाडला नाही. दहा देश, पाच वर्षं, पन्नास आकडे, आणि त्यातले चाळीस तरी मी इमानेइतबारे उतरवून काढलेत. २४० शब्द, बत्तीस मिनिटं. आज वाचलं तर रेल्वेचं वेळापत्रक कुणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटतं. ओव्हरव्ह्यूचा, म्हणजे एकूण चित्र सांगणाऱ्या वाक्याचा, पत्ता नाही. परीक्षकांच्या निकषांमध्ये पाचव्या बँडसमोर (बँड म्हणजे नऊपैकी मिळणारे गुण) जवळपास हेच लिहिलेलं असतं: तपशील यांत्रिकपणे मांडलाय. शिवाय ती जास्तीची बारा मिनिटं आली कुठून, तर टास्क टूच्या, म्हणजे निबंधाच्या, चाळीस मिनिटांतून, आणि गुणांत टास्क टूचं वजन दुप्पट.

पहिले दोन महिने फारसा फरक पडला नाही, हेही सांगते. फरक पडला तो एका छोट्या तक्त्यामुळे. २०१९ साल, देश तीनच: फ्रान्स सुमारे ९ कोटी पर्यटक, स्पेन साधारण ८ कोटी ३५ लाख, अमेरिका ७ कोटी ९० लाखांच्या आसपास. शेजारच्या रकान्यात पर्यटनातून झालेली कमाई, आणि तिथे क्रम अमेरिका, स्पेन, फ्रान्स. मी सवयीप्रमाणे डावा रकाना वरून खाली आणि मग उजवा रकाना वरून खाली असं लिहिलं. गजर वाजायला चार मिनिटं बाकी होती म्हणून नुसती बघत बसले, तेव्हा दिसलं की टोकं उलटी झालीत आणि स्पेन दोन्हीकडे मधल्या जागेवर आहे. सगळ्यात जास्त माणसं येणारा देश सगळ्यात जास्त कमावणारा नाही. हाच ओव्हरव्ह्यू! एका वाक्यात मावला, एकही आकडा न वापरता. त्यानंतर प्रत्येक वेळी पहिली तीन मिनिटं पेनला हात लावायचा नाही हा नियम केला, आणि अहवाल आपोआप १७० शब्दांच्या आत यायला लागले.

विषय एकच ठेवल्याचा खरा फायदा इथे आहे. शब्द कमी पडतात ही सबब पंधरा दिवसांत संपते. मग काय घ्यायचं आणि काय सोडायचं एवढंच उरतं, आणि तेच मला येत नव्हतं.

बाय आणि टू यांचा गोंधळ मात्र मराठीनेच सोडवला. 'इन्क्रीज्ड बाय' की 'इन्क्रीज्ड टू', याचे कितीतरी तक्ते पाठ केले होते. मग एकदा तेच वाक्य मनात मराठीत म्हणून पाहिलं. २०२० मध्ये जगाची बेरीज १४६ कोटींवरून ४० कोटींवर आली, इथे 'वरून-वर', म्हणजे फ्रॉम-टू. १०६ कोटींनी घटली, इथे 'नी', म्हणजे बाय. आपण रोज बोलताना हा फरक बिनचूक करतो आणि इंग्रजीत आलो की चाचपडतो. आता वाक्य अडलं की आधी प्रत्यय बघते.

लाख-कोटीने मात्र दगा दिला. डोकं कोटीत चालतं आणि आलेखावर लिहिलेलं असतं 'इन मिलियन्स'. १.४६ बिलियनचे १४६ कोटी मनातल्या मनात केले आणि परत इंग्रजीत आणताना १४.६ मिलियन लिहून बसले. शंभर पटींची चूक, तीही पहिल्याच परिच्छेदात. आता रूपांतर करतच नाही. अक्षावर जे एकक असेल तेच उचलायचं.

दुसरी चूक कळायला जास्त वेळ लागला. या आलेखांच्या शीर्षकात येणारे 'अरायव्हल्स' म्हणजे माणसं नव्हेत, खेपा. एकच बाई वर्षात तीन वेळा परदेशी गेली तर ती तीनदा मोजली जाते, आणि मुक्काम न करता त्याच दिवशी परतणारे यात धरतच नाहीत. त्यामुळे 'इतके लोक फिरायला गेले' असं लिहिलं की अर्थ बदलतो. शीर्षकात जे नाम आहे, तेच धरून चालणं बरं.

आता तक्रार, आणि ती या पद्धतीबद्दलच आहे. खऱ्या आकड्यांची सवय लागली की आपल्याला गोष्ट आधीच माहीत असते. २०१९ मध्ये १४६ कोटींच्या घरात असलेली रेषा २०२० मध्ये कड्यावरून कोसळते. माझ्या हातून दर वेळी 'बिकॉज ऑफ द पँडेमिक' लिहिलं जायचं. टास्क वनमध्ये जे दाखवलंय तेवढंच सांगायचं, आलेखात नसलेली कारणं द्यायची नाहीत. हे मला ठाऊक होतं, तरी वहीत अकरा ठिकाणी लाल रेघ आहे. पुढे तर काल्पनिक आकड्यांच्या प्रश्नातही मी कारणं शोधायला लागले. हा रोग याच सरावाने लावला, त्याआधी नव्हता.

आणि परीक्षेत आला काय, तर नकाशा. एका गावाचा, आधीचा आणि नंतरचा. पाच महिने आकडे घोटले आणि समोर एकही आकडा नाही! पहिलं मिनिट नुसतं त्याच्याकडे बघण्यात गेलं. मग तीन मिनिटांचा नियम आठवला, मुख्य बदल दोन वाक्यांत लिहिला आणि गाडी रुळावर आली. रायटिंग सहावरून साडेसहावर गेलं, म्हणजे अर्ध्या बँडने वाढलं. त्यातलं टास्क वनचं किती आणि टास्क टूचं किती, हे कळायला मार्ग नाही, कारण निकालपत्रावर दोन्हींचा मिळून एकच आकडा असतो.

या पद्धतीला पाचपैकी गुण द्यायचे तर साडेतीन. मला रायटिंगमध्ये सात हवेत, त्यामुळे परत बसणार आहे. या वेळी आठवड्यातले दोन अहवाल आकड्यांवर आणि एक नकाशा किंवा प्रक्रियेवर. आलेख काढताना देशांची नावं पुसून क, ख, ग घालते आणि वर्षंही बदलते. काल अशाच एका आलेखात रेषा कोसळली होती, आणि मी फक्त 'फेल शार्पली' (झपाट्याने घसरली) लिहून पुढच्या वाक्याला गेले.