‘फुल डिस्क्लोजर’ : दृष्टी गमावलेला राष्ट्राध्यक्ष आणि मतांचे गणित

निक्सन यांची भाषणे लिहिणाऱ्या विल्यम सफायर यांच्या १९७७च्या या कादंबरीत, हल्ल्यात दृष्टी गमावलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षाने पदावर राहावे का, हा पेच आहे. १९६७ साली मंजूर झालेल्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार उपराष्ट्राध्यक्ष व बहुसंख्य मंत्री अध्यक्षाला असमर्थ ठरवू शकतात. अध्यक्षाने हरकत घेतल्यावरही ते दाव्यावर ठाम राहिले, तर त्याला दूर ठेवण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात, आणि खरा थरार या गणितातच आहे. केवळ पाठलाग व गोळीबार शोधणाऱ्या वाचकाला पुस्तक संथ, किंबहुना फार बोलके वाटेल. ती तक्रार मलाही काही अंशी मान्य आहे. अंधत्व म्हणजे असमर्थता का, हा प्रश्न मात्र लेखकाने दयाबुद्धीच्या आहारी न जाता हाताळला आहे.