पद्मिनीच्या आतलं सामान पाहिजे? मोमिनपुऱ्याकडच्या चाचांकडे जा, पण छत सोडून

जुन्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिनाचं सामान अजूनही कुठून ना कुठून मिळते. घोडं अडते ते आतल्या चिल्लर वस्तूंपाशी. काच चढवायचं हँडल, तिकोन्या काचेचा खटका, आर्मरेस्ट, सन व्हायझरची दांडी. यांच्याशिवाय गाडी चालते, म्हणून मोडीत काढताना कोणी ते जपून ठेवत नाही.

माझी पद्मिनी १९८६ची. गिअर स्टिअरिंगपाशी, समोर एकसंध लांब सीट. हिंगणा रोडवरच्या एका शेडमधून घेतली तेव्हा चार दारांत मिळून एकच हँडल होतं; आधीचे मालक तेच काढून दुसऱ्या दाराला लावत आणि काच उघडत. गाडीत एसी नाही, नागपूरचा मे महिना, आणि तिकोन्या काचा खटक्याअभावी तारेनं बांधलेल्या. त्या काचा जरा वळवल्या की चालत्या गाडीत वारा सरळ तोंडावर येतो, म्हणून मला हँडलपेक्षा खटक्यांचीच घाई होती.

ऑनलाइन मागवलेला हँडलांचा नवा सेट दिसायला चकचकीत होता. दांड्यावर ढिला बसला, काच हलायच्या आधी हँडलच थोडं फिरे. क्रोमची साल तर उन्हाळा संपायच्या आत निघाली.

मोमिनपुऱ्याच्या अलीकडच्या गल्लीतलं चाचांचं दुकान मेकॅनिकनं सांगितलं. बोर्डावरची अक्षरं उन्हानं उडालीत, फियाटवाले चाचा कुठे बसतात म्हणून विचारायचं (पद्मिनी मुळात फियाटचीच गाडी). आत तेलाचे जुने पत्र्याचे डबे, प्रत्येकात एकाच जातीची वस्तू. मी तो ऑनलाइन सेट दाखवला तर त्यांनी एक हँडल तळहातावर तोललं आणि म्हणाले, "ताई, इसमें वजनच नहीं है." मग डब्यातून एक काळं पडलेलं काढलं, चिंधीनं पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. फरक सांगायची गरज पडली नाही.

पूर्वी त्यांचा बराच माल मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा यायचा, कुर्ल्याच्या भंगारातून. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. तो झरा आता आटलाच. चाचा सध्या अमरावती, चंद्रपूरकडे कोणाच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्या हुडकतात. म्हणून भाव चढे आहेत: चार जुनी हँडलं नव्यानं क्रोम करून २४०० रुपये, खटक्यांची जोडी १३००. घासाघीस केली तर चाचा डब्याचं झाकण लावतात.

खरं काम पाहावं ते दाराच्या पॅडचं. पॅड हार्डबोर्डाचे, वरून रेक्झिन. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जावं अशीच दाराची रचना असते. ती भोकं मातीनं बुजली आणि आतला प्लास्टिकचा कागद फाटला की हार्डबोर्ड पापडासारखा फुगतो. चाचांच्या पोऱ्यानं आधी तारेनं भोकं मोकळी केली, दारात मगभर पाणी ओतून ते खालून निघते का पाहिलं, मग नवा कागद चारी बाजूंनी चिकटवला. जुना पॅड नव्या बोर्डावर ठेवून पेन्सिलीनं आखला, क्लिपांची भोकं पाडली. पॅड चढल्यावर हँडल घातलं, मागची वाटी अंगठ्यानं दाबून लॉक सरकवला. टक्. रेक्झिनच्या मूळ बिस्किटी रंगाशी नवा रंग तंतोतंत जुळला नाही, किंचित पिवळा आहे. चाचांनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून तक्रार नाही.

तक्रार आहे ती छताची. छताचं कापड आडव्या तारांवर ताणून बसवावं लागते, आणि ते दुकानातल्या कोणालाच जमत नाही. मागच्या काचेजवळ अशा सुरकुत्या पडल्या की बाप्पा! उसवून पुन्हा केलं, तरी एक राहिलीच. त्याचे पैसे मात्र पूर्ण घेतले. छतासाठी दुसरा माणूस बघा.

वेळेचं म्हणाल तर "परसो" याचा अर्थ पुढचा आठवडा धरून चालायचं. फोन उचलतात, पण मालाचं काही सांगत नाहीत. जुना तुटका नमुना हातात घेऊन जाणंच बरं, नाहीतर त्याच नावाची भलत्याच वर्षाची वस्तू गळ्यात पडते. पैसे रोख किंवा यूपीआय, पक्कं बिल नाही. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते. डॅशबोर्डातली अ‍ॅश ट्रे त्यांच्याकडे सध्या नाही, माझं नाव वहीत तिसरं आहे.