टॅगेट: क्वालिटेटिव्हवाल्यांसाठी फुकटचं कोडिंग सॉफ्टवेअर, वापरून बघितलं

आरोग्य आणि सोशल केअरमधे क्वालिटेटिव्ह रिसर्च (म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखतींवर चालणारा अभ्यास) करणाऱ्यांची नोकरी बहुतेक वेळा प्रोजेक्टवर असते, अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि कोडिंगच्या, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना विषयाची लेबलं लावायच्या, महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संस्थेचं. प्रोजेक्ट संपला की लायसन्स गेलं. मग पेपरवर रिव्ह्यूअरची कमेंट आली की आपलीच फाइल आपल्यालाच उघडत नाही, आणि जुन्या ऑफिसात फोन करून 'सर, जरा एक्स्पोर्ट करून देता का' म्हणत बसायचं. या जाचाला वैतागून मी टॅगेटकडे वळले.

न्यूयॉर्कच्या रेमी आणि विकी रँपिन यांनी बनवलेलं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट, ट्रायल बियल भानगड नाही. इन्स्टॉल केलं की ब्राउझरमधे उघडतं पण डेटा आपल्याच लॅपटॉपवर राहतो. त्यांच्या सर्व्हरवर अकाउंट काढूनही वापरता येतं, पण टीबीच्या पेशंटचे नाहीतर पलंगावर पडलेल्या सासूचं सगळं करणाऱ्या सुनांचे इंटरव्ह्यू असतील तर तो मोह टाळा. कन्सेंट घेताना आपण गुप्ततेचा शब्द दिलेला असतो, शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संशोधनातल्या नैतिकतेवरच्या २०१७ च्या गाइडलाइन्स आहेत आणि एथिक्स कमिटीला डेटा कुठे ठेवणार तेही लिहून दिलेलं असतं.

काम अगदी सरळ. वर्ड फाइल टाकायची, वाक्य सिलेक्ट करायचं, टॅग लावायचा. एकाच वाक्याला चार टॅग लावा, काही बिघडत नाही. मराठी ट्रान्सक्रिप्ट, मराठीच टॅग, सगळं नीट दिसतं. 'आशाताईंचा इन्सेंटिव्ह लटकलेला' असं टॅगचं नाव ठेवलं तरी चालतं, त्यामुळे आधी इंग्रजी भाषांतर मग कोडिंग हा द्राविडी प्राणायाम वाचतो. एका टॅगखालचे सगळ्या इंटरव्ह्यूमधले उतारे एका क्लिकवर समोर येतात आणि एक्सेल, वर्डमधे बाहेर काढता येतात. माझ्यासाठी तर हेच सोनं आहे, कारण थीम खरी सापडते ती हे उतारे प्रिंट काढून चहा घेत पुन्हा पुन्हा वाचताना. सॉफ्टवेअर ॲनालिसिस करून देत नाही हो, कुठलंच नाही! असा अभ्यास पेपरमधे कसा मांडायचा याची कोरेक (COREQ) नावाची ३२ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, तिच्यात सॉफ्टवेअर कोणतं वापरलं हा एक मुद्दा आहे, त्यामुळे काहींना वाटतं नाव जितकं भारी तितका अभ्यास भारी.

आता जे नाही ते. ऑडिओ चालत नाही, ट्रान्सक्रिप्ट तुम्हालाच करून आणायचं. टॅगखाली सबटॅग असं झाड बनवता येत नाही, मी नावाच्या सुरुवातीला तोच शब्द ठेवते म्हणजे यादीत एकाखाली एक येतात, जुगाडच आहे पण चालून जातो. एकदा फाइल आत गेली की मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून पेशंटचं, गावाचं, पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) नाव आधीच काढून मगच टाका. दोघांनी मिळून कोडिंग करायचं तर लॅपटॉपवालं व्हर्जन उपयोगाचं नाही, सर्व्हर लागतो (संस्थेचा आयटीवाला ऐकणारा असेल तर तो आपल्याच सर्व्हरवर बसवून देऊ शकतो), आणि दोघांचं कोडिंग किती जुळलं याचा आकडाही ते काढून देत नाही. वीसपंचवीस इंटरव्ह्यू आणि थोडे एफजीडी (गटचर्चा) असतील तर बिनधास्त वापरा, मोठ्या टीमचा तीन जिल्ह्यांतला अभ्यास असेल तर पैसेवालं सॉफ्टवेअरच बरं.

एमपीएच, एमएसडब्ल्यूची पोरं डिसर्टेशनसाठी क्रॅक कॉपी शोधत फिरतात आणि लॅपटॉपात व्हायरस घेऊन येतात, त्यांना मी आता हेच सांगते. माझ्याकडून पाचपैकी चार.

एक लक्षात ठेवा, देवनागरी पीडीएफ टाकू नका, काने-मात्रा इकडचे तिकडे होतात. आणि बाहेरून टायपिंग करून घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी फाइल दुसऱ्या कंप्युटरवर उघडून बघा. काही टायपिस्ट अजून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधे टाइप करतात, ते टॅगेटमधे नुसतं अगम्य इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं, तेव्हा युनिकोडच पाहिजे हे काम देतानाच सांगा.