ग्रँड आयलंडच्या हिरव्या पाण्यात कॅमेरा: पिशवी, पॉलिकार्बोनेट की ॲल्युमिनियम?

कॅमेऱ्याचं हाउसिंग, म्हणजे तो पाण्याखाली नेण्याचं कवच, शोधायला लागलं की पहिला आकडा समोर येतो तो खोलीचा: ४० मीटर, ६० मीटर, १०० मीटर. गोव्यात नेमका हाच आकडा सगळ्यात कमी कामाचा. ग्रँड आयलंडभोवतीचे बहुतेक डाइव्ह पंधरा-सोळा मीटरच्या आत आटोपतात. नवख्यांचा ट्राय डाइव्ह तर १२ मीटरच्या खाली जातच नाही. इथे घोडं अडतं ते पाण्याच्या रंगापाशी आणि गढूळपणापाशी. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, त्यातही चांगल्या दिवशी सात-आठ मीटरपर्यंत दिसतं, एरवी तीन-चार. त्यामुळे विचारायचं ते एवढंच: गढूळ पाण्यात विषयाच्या किती जवळ जाता येईल आणि उजेड कुठून टाकता येईल?

मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या आधी बाजूला काढू. त्यातल्या बऱ्याच पाच-दहा मीटरपुरत्याच असतात. आणि दहा मीटरवर दाब किनाऱ्यावरच्या दुप्पट होतो, म्हणजे आतली हवा निम्मी होते. पिशवी कॅमेऱ्याला चिकटते, बटणं आपोआप दाबली जातात. होडीच्या कडेला स्नॉर्केलिंग करायला ठीक, डाइव्हला नको.

ॲक्शन कॅमेरा हा स्वस्त आणि सुटसुटीत मार्ग. अलीकडचे गोप्रो हाउसिंगशिवाय १० मीटर आणि त्यांच्या स्वतःच्या हाउसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत चालतात. व्हिडिओसाठी उत्तम. पण त्यांना जवळचं फोकस जमत नाही, त्यासाठी पुढे मॅक्रो लेन्स बसवावी लागते. आणखी एक गोष्ट: लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो. आपल्या हिरव्या पाण्यात मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) हवा, नाहीतर व्हिडिओ भलत्याच रंगाचा निघतो.

खरी निवड यापुढे आहे.

कॉम्पॅक्ट आणि पॉलिकार्बोनेट हाउसिंग

ऑलिंपस टीजी-६ आणि त्यानंतरचा ओएम सिस्टिमचा टीजी-७ या छोट्या, कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांकडे बघा. नुसता कॅमेरा १५ मीटरपर्यंत जलरोधक आहे, पीटी-०५९ या पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, हाउसिंगमध्ये ४५ मीटर. १५ मीटर चालतो मग हाउसिंग कशाला, असं वाटेल. पण नुसत्या कॅमेऱ्याची सगळी भिस्त बॅटरीच्या आणि जोडणीच्या दोन छोट्या झाकणांवर असते. तिथे वाळूचा एक कण अडकला की संपलं. हाउसिंगमध्ये पाणी शिरलंच, तर आतला कॅमेरा स्वतः जलरोधक असल्याने बहुधा वाचतो. ही दुहेरी तटबंदी लेन्स बदलता येणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांना मिळत नाही.

टीजीचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एक सेंटीमीटरपर्यंत फोकस करतो. खडकावरचा न्युडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय) टिपायचा तर कॅमेरा आणि विषय यांच्यामध्ये गढूळ पाणी उरतंच किती? म्हणूनच गोव्यात मॅक्रो चांगला साधतो आणि मोठी दृश्यं हुलकावणी देतात. हाउसिंगच्या पुढे ५२ मिमीचे आटे आहेत, त्यावर वेट लेन्स पाण्याखालीच बसवता-काढता येते. बसवताना आधी ती सैल ठेवून हलवा, मधला हवेचा बुडबुडा जाऊ द्या, मग घट्ट करा. बुडबुडा राहिला तर फोटोचा अर्धा भाग धुरकट येतो आणि दोष मात्र फोकसवर जातो.

मिररलेस: पॉलिकार्बोनेट की ॲल्युमिनियम

सीफ्रॉग्जसारखी पॉलिकार्बोनेट हाउसिंग साधारण ४० मीटरची, तर नॉटिकॅमसारखी ॲल्युमिनियमची १०० मीटरची. आपल्याला दोन्ही पुरून उरतात. फरक असतो तो हाताळणीत. ॲल्युमिनियमचे लिव्हर बोटाशी येतात, शटरचा अर्धा दाब नीट कळतो. दमट हवेतली वाफ आधी थंड धातूच्या भिंतीवर जमते, त्यामुळे पोर्टची, म्हणजे लेन्ससमोरच्या खिडकीची, काच जास्त वेळ साफ राहते. पॉलिकार्बोनेट उष्णता धरून ठेवतं आणि काच लवकर धुरकटते. त्याचा फायदा एकच, पण मोठा: पारदर्शक असेल तर आत पाणी शिरताना दिसतं. ॲल्युमिनियममध्ये ते काम गळतीच्या सेन्सरवर आणि व्हॅक्यूमवर सोपवावं लागतं. व्हॅक्यूम पंपाची सोय असेल तर ती नक्की घ्या: आतली हवा थोडी ओढून घ्यायची, वीस-तीस मिनिटं थांबायचं, दिवा हिरवाच राहिला तरच होडीत चढायचं.

किमतीचं गणित कडक आहे. ॲल्युमिनियम हाउसिंग कॅमेऱ्याच्या बरोबरीचं, कधी त्याहून महाग, आणि ते एकाच मॉडेलला बसतं. कॅमेरा बदलला की हाउसिंग गेलं. पोर्ट, आर्म (दिवा धरणारा दांडा) आणि स्ट्रोब (बाहेरचा फ्लॅश) यांचा खर्च वेगळाच.

पोर्टचं मात्र आधी ठरवा. सपाट पोर्टमधून मीटरभरावरची वस्तू पाऊण मीटरवर वाटते आणि दृश्याचा कोन साधारण पावपट कमी होतो. डायव्हर पूर्ण मावावा म्हणून मागे सरकलात की मध्ये गाळ आलाच. घुमटासारखा डोम पोर्ट तो कोन परत देतो, म्हणून वाइड हवं असेल तर डोमच. मॅक्रोला सपाट पोर्ट पुरतो. दोन्ही एकदम घेणं हौस आहे, गरज नाही.

उजेडाचं तसंच. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्सला खेटून असल्याने समोरचा प्रत्येक कण चमकवतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. स्ट्रोब किंवा टॉर्च आर्मवर बाजूला सरकवून किंचित बाहेरच्या दिशेला वळवा. ज्या हाउसिंगला फायबर ऑप्टिक केबलची (कॅमेऱ्याच्या फ्लॅशची चमक स्ट्रोबपर्यंत नेणारी) जागा नाही, त्याला स्ट्रोब जोडणं कटकटीचं होतं. घेण्याआधी ही जागा आहे का ते बघाच.

पाणी कधी आणि कशाने शिरतं

बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच, कारण तिथे दाब कमी आणि ओ-रिंग (झाकणाच्या सांध्यातलं रबरी कडं) अजून नीट दाबली गेलेली नसते. कारण असतं एक केस, वाळूचा कण किंवा टॉवेलचा धागा. ओ-रिंग टाचणीने कधी काढू नका, दोन बोटांनी एका जागी गोळा करून उचला. मग ती आणि खाच दोन्ही धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. कंपनीनेच दिलेलं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. ग्रीस पाणी अडवत नाही, ओ-रिंग सरकती ठेवतं. जास्त लावलं तर वाळूला आमंत्रण.

होडीत कॅमेरा उघडायचा नाही. सकाळी घरी एसीच्या खोलीत, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून बंद करा, म्हणजे आतली हवा कोरडी राहते. होडीत उन्हात ठेवू नका, ओल्या टॉवेलखाली ठेवा. डास पळवणाऱ्या मलमाचे हात पॉलिकार्बोनेटला लागू देऊ नका, मलमातलं डीट हे रसायन त्याला खातं. पाण्यात कॅमेरा घेऊन उडी मारू नका. आधी तुम्ही उतरा, मग होडीतून कुणीतरी हातात द्यावा. डाइव्ह झाला की गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून प्रत्येक बटण आतल्या आत दाबा, नाहीतर मीठ स्प्रिंगमध्ये सुकतं आणि पुढच्या वेळी बटण अडकतं. विमानाने अंदमानला नेताना मुख्य ओ-रिंग काढून वेगळी ठेवा, नाहीतर दाबातल्या फरकाने झाकण इतकं घट्ट बसतं की उघडता उघडत नाही.

अजून ठरत नसेल तर आमचं मत: डाइव्ह फक्त गोव्यात आणि वर्षाला पाच-दहा होत असतील, तर कॉम्पॅक्ट, त्याचं हाउसिंग आणि एक स्ट्रोब. अंदमान किंवा लक्षद्वीपला वरचेवर जाणं असेल आणि मिररलेस हातात असेलच, तर व्हॅक्यूम असलेलं हाउसिंग आणि डोम.

काहीही घ्या, पहिला डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय. आत कोरडा टिश्यू पेपर आणि कापडात गुंडाळलेलं डाइव्हचं शिसं ठेवा, नाहीतर रिकामं पॉलिकार्बोनेट बुडणारच नाही. वर आल्यावर हाउसिंग बाहेरून पुसून मगच उघडा, म्हणजे टिश्यू ओला दिसला तर तो आतल्या गळतीनेच ओला झालाय हे नक्की.