लुआंग प्रबांगचे राजवाडा संग्रहालय : थोरली पाती पाहा, धाकटी वाचून जा

लाओसमधील लुआंग प्रबांग येथे मेकाँगच्या काठचा हा राजवाडा फ्रेंच अमदानीत, १९०४ पासून, राजे सिसवांग वोंग यांच्यासाठी बांधण्यात आला आणि १९७५ मध्ये राजेशाही संपल्यावर त्याचे संग्रहालय झाले. दरबार दालनाच्या लाल भिंतींवरील रंगीत काचांचे जडावकाम आणि आवारातील मंदिरात असलेली ८३ सेंटिमीटर उंचीची फा बांग बुद्धमूर्ती एवढ्यानेच तिकिटाचे पैसे वसूल होतात. मात्र हा वाडा राजघराण्याच्या सिंहासनावर बसलेल्या थोरल्या पातीचा, म्हणजे शाखेचा आहे. विसाव्या शतकातील लाओसचे राजकारण प्रामुख्याने उपराजाच्या (राजाखालोखालच्या मानकऱ्याच्या) धाकट्या पातीतील राजपुत्रांनी घडवले, हे ध्यानात ठेवूनच आत जावे.

उपराजे बुन खोंग यांचे पुत्र फेत्सरात यांनी १९४५ मध्ये स्वातंत्र्याची बाजू घेतली. त्यापायी त्यांचे उपराजपद गेले आणि फ्रेंच परतल्यावर थायलंडमध्ये सुमारे दशकभराचा विजनवास त्यांच्या वाट्याला आला. त्यांचे धाकटे बंधू सुवन्ना फूमा तटस्थतेचा पुरस्कार करीत अनेकदा पंतप्रधान झाले, तर सुवन्ना फूमांप्रमाणेच फ्रान्समध्ये अभियांत्रिकी शिकलेले सावत्र बंधू सुफानुवोंग पाथेट लाओ या कम्युनिस्ट चळवळीचे नेते, म्हणजे ‘लाल राजपुत्र’, ठरले. उजव्या गटाचे बुन ऊम हे दक्षिणेकडील चंपासाकच्या राजघराण्यातले. सुवन्ना फूमा, सुफानुवोंग आणि बुन ऊम या तीन राजपुत्रांच्या वाटाघाटींतून १९६२ मध्ये संयुक्त सरकार आले, पण ते टिकले नाही. याला भाऊबंदकी म्हणण्याचा मोह होतो. परंतु प्रत्येकामागे वॉशिंग्टन, मॉस्को किंवा हनोई यांपैकी कोणाचे ना कोणाचे वजन पडत होते.

एवढी पूर्वतयारी असली की परराष्ट्रांच्या भेटवस्तू आणि व्यक्तिचित्रे निराळी दिसू लागतात. अमेरिकी मदतीवर चालणाऱ्या राज्यातील राजा सिसवांग वत्थना (सिसवांग वोंग यांचे पुत्र), राणी आणि युवराज वोंग सवांग यांची भव्य चित्रे १९६७ मध्ये सोव्हिएत चित्रकार इल्या ग्लाझुनोव्ह यांनी रंगवली, तर राजाच्या मोटारींत लिंकन आणि एडसेल या अमेरिकी गाड्या आहेत. सुवन्ना फूमांच्या तटस्थतेचा याहून बोलका पुरावा मला तरी कोठे आढळला नाही.

डिसेंबर १९७५ मध्ये पाथेट लाओची सत्ता येऊन सुफानुवोंग राष्ट्राध्यक्ष झाले, सुवन्ना फूमा सल्लागार म्हणून व्हिएन्तिआनमध्येच राहिले. राजा सिसवांग वत्थना आणि युवराज यांना मात्र १९७७ मध्ये ईशान्येकडील छावणीत पाठवण्यात आले आणि ते परतले नाहीत. ज्या राजवटीचा अध्यक्ष राजपुत्र होता, तिनेच हे केले. हा भाग वाड्याच्या शांत, नीटनेटक्या शयनगृहांवरून कळत नाही, म्हणून जाणकार वाटाड्या घेणे किंवा आधी वाचून येणे उत्तम.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. पादत्राणे व पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, आत छायाचित्रणास मनाई आहे आणि दुपारी संग्रहालय काही वेळ बंद असते. त्यामुळे सकाळी लवकर गेलेले बरे.