हाँगकाँगमध्ये डिमसम: ट्रॉलीवाली जुनी शाखा की मॉलमधली नवी?

कुणाचे आईवडील किंवा सासूसासरे हाँगकाँगला येणार असले की मला ठरलेला फोन येतो. "डिमसमला, म्हणजे चहाबरोबर छोट्या टोपल्यांतून येणारे वाफवलेले पदार्थ खायला, कुठे न्यायचं? ट्रामच्या रस्त्यावरच्या जुन्या शाखेत की मॉलमधल्या नव्या?" पुढे थोडी कुरकुर आहे, म्हणून हॉटेलचं नाव लिहीत नाही.

जुन्या शाखेत मी सहा वर्षं जातोय. नव्या शाखेत फक्त तीनदा गेलोय, तेही ती उघडल्यापासूनच्या पहिल्या दोन महिन्यांत. नव्याचे नऊ दिवस सगळीकडेच असतात, तेव्हा वर्षभरानंतरचं मी काही लिहून देणार नाही.

वातावरणात जुनी शाखा जिंकते, त्यात वादच नाही. मोठी गोल टेबलं, त्यावर अनोळखी माणसांशेजारी दाटीवाटीनं बसायचं आणि टेबलांमधून फिरणाऱ्या ट्रॉलीवरून हवी ती टोपली उचलायची. एक किटली बो-ले (मुरवलेला काळा चिनी) चहा आणि वर्तमानपत्र एवढ्यावर अख्खी सकाळ काढणारे आजोबा. पहिला चहा पिण्यासाठी नसतोच, त्यानं वाट्या आणि चॉपस्टिक विसळायच्या. किटलीचं झाकण कलतं ठेवलं की न बोलावता गरम पाणी घेऊन येणाऱ्या मावशी. नव्या शाखेत फोनवरून ऑर्डर द्यायला क्यूआर कोड आणि टेबलाला नव्वद मिनिटांची मुदत. पहिल्या खेपेला सवयीनं झाकण कलतं ठेवून मी वाट बघत बसलो. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दया आली आणि तिनं मला फोनमधलं 'गरम पाणी' नावाचं बटण दाखवलं. बिलाचं म्हणाल, तर चहाचे माणशी पैसे आणि वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज दोन्हीकडे आहेत. मला खिशात फरक जाणवला नाही.

एवढं सगळं जुन्या शाखेच्या बाजूनं असताना माझं मन फिरलं ते एका हा-गाऊपायी.

हा-गाऊ म्हणजे कोळंबी भरलेला, पारदर्शक पारीचा तो छोटा मोदक. मोदक उगाच म्हणत नाही. ज्या चिकाच्या आपण कुरडया घालतो, त्याच गव्हाच्या स्टार्चवर उकळतं पाणी ओतून उकड काढतात, तेल लावलेल्या सुरीच्या पात्यानं दाबून पारी करतात आणि एका बाजूनं बारीक चुण्या घालतात. आता उकडीचं जे होतं तेच याचं होतं. गरम असताना पारी लवचिक आणि काचेसारखी असते. निवली की पांढरी पडते, कडक होते आणि तळाच्या कागदाला धरून बसते.

गेल्या वर्षी आईबाबांना घेऊन रविवारी जुन्या शाखेत गेलो. आम्हाला जागा मिळाली पार टोकाला, खांबाआड. ट्रॉली निघते स्वयंपाकघराच्या दारातून, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते पक्कं ठाऊक असतं. एक आजी, घेतलेल्या टोपल्यांचे शिक्के ज्यावर मारतात ते कार्ड नाचवत दारापर्यंत गेल्या आणि वाफाळत्या तीन टोपल्या उचलून परत आल्या. आमच्यापर्यंत ट्रॉली आली तेव्हा तिच्यावर कोंबडीचे पाय होते, आणखी कोंबडीचे पाय होते, आणि हा-गाऊची एकुलती एक टोपली. झाकण काढलं तर वाफ नाही. मी चॉपस्टिकनं पहिला उचलला, तर तळ कागदालाच राहिला आणि कोळंबी बशीत पडली. दुसऱ्याचं तेच. आई मूळची गुहागरची. तिनं तिसऱ्याला हातच लावला नाही. "गार झालेत रे. मोदक असे कुणी वाढतं का?" एवढंच म्हणाली.

त्यावर मला बोलता येईना, कारण ती बरोबर होती. सहा वर्षं मी ट्रॉलीच्या गंमतीपुढे हे चालवून घेतलं होतं.

नव्या शाखेत ऑर्डर गेल्यावरच टोपली वाफेवर चढते. पहिल्यांदा बारा-पंधरा मिनिटं काहीच आलं नाही, तेव्हा मीही वैतागलो होतो. मग झाकण उघडल्यावर चष्म्यावर वाफ आली. पारीतून कोळंबीचा गुलाबी रंग दिसत होता, आणि चारही हा-गाऊ कागदावरून अलगद सुटले. चेउंग-फनचंही तसंच. कोकणात फेण्या वाळवण्याआधी ओल्याच खाल्ल्या असतील, तर ही तांदळाची मऊ गुंडाळी तुम्हाला ओळखीची वाटेल. तीही ताजी असेपर्यंतच खरी. ट्रॉलीवर फिरून आली की पदर एकमेकांना चिकटतात.

बरोबर शाकाहारी मंडळी असतील तर नव्या शाखेचं पारडं आणखी थोडं झुकतं. फोनवर इंग्रजीत, फोटोसकट, काय घातलंय ते वाचता येतं. ट्रॉलीवाल्या मावशींना कँटोनीजमध्ये विचारून उत्तर कळणं माझ्याच्यानं तरी झालेलं नाही. लो-बाक-गो ही मुळ्याची वडी आहे म्हणून कुणाच्या पानात वाढू नका, तिच्यात बहुतेक वेळा सुकट आणि सॉसेजचे तुकडे असतात.

तुम्ही नेहमी जाणारे असाल, सकाळी लवकर उठत असाल आणि जागा कुठे धरायची ते माहीत असेल, तर जुनी शाखा सोडायचं कारण नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथेही गरम टोपली मिळते, मला मिळाली आहे. पण पाहुणे रविवारी येणार, त्यांना एकदाच खायचंय, आणि बसायला जिथे मिळेल तिथे बसावं लागणार, अशी गत असेल तर मी मॉलमध्ये नेईन. डिमसमला जाण्याला इथे यम-चा म्हणतात, म्हणजे शब्दशः चहा पिणं. चहाच्या निमित्तानं तास न् तास बसण्याची मजा मुदतीच्या घड्याळाखाली जाते, हे मला मान्य आहे. माझ्या आईला मात्र घड्याळाचं काही वाटलं नाही. या डिसेंबरात आली तेव्हा तिनं हा-गाऊची दुसरी टोपली मागवायला लावली.

लो-बाक-गोसाठी मी अजून जुन्या शाखेतच जातो. तिथे एका ट्रॉलीवर तवाच असतो. मावशी वाफवून कापलेल्या वड्या तुमच्यासमोर दोन्ही बाजूंनी खरपूस परततात, अगदी कोथिंबीर वडीसारख्या. एकटाच जातो, आणि दाराजवळची खुर्ची रिकामी नसली तर ट्राम धरून परत येतो.