होरायझन्स: दूरच्या धूमकेतूचा माग

नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेची ‘होरायझन्स’ ही ग्रह-धूमकेतूंची आकाशातील स्थाने सांगणारी विनामूल्य सेवा मी सी/२०१४ यूएन२७१ या धूमकेतूसाठी वापरून पाहिली. जानेवारी २०३१ मध्ये उपसूर्य बिंदूशी (कक्षेतील सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूशी) पोहोचल्यावरही तो सूर्यापासून सुमारे ११ खगोलीय एकके (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ११ पट), म्हणजे शनीच्या कक्षेपलीकडेच, असेल. निरीक्षणस्थळ व कालावधी दिला की विषुवांश व क्रांती (आकाशातील स्थानाचे निर्देशांक), अंतर आणि स्थानातील संभाव्य चूकही कोष्टकात मिळते; मला ही शेवटची बाब सर्वांत मोलाची वाटली. दृश्यप्रतीच्या (तेजस्वितेच्या) आकड्यावर मात्र तितके विसंबू नये, कारण तो सूर्य व पृथ्वीपासूनच्या अंतरांवर आधारलेल्या साध्या सूत्राने काढला जातो आणि अचानक होणारे उद्रेक (या धूमकेतूत ते दिसलेही आहेत) त्यात धरलेले नसतात. त्यासाठी निरीक्षकांच्या प्रत्यक्ष नोंदींचा ‘कॉब्स’ हा संग्रह सोबत उघडा ठेवावा.